मागच्या काचेचं रबर

मुरबाडला खोली बघायला गेलो तेव्हा घरमालकीणबाई कुठे दिसेनात, त्यांचे पाय तेवढे दिसले. अंगणात एक जुनी पांढरी गाडी उभी होती, तिचं मागचं दार उघडं होतं आणि त्यातून दोन पाय बाहेर आले होते. पायांत सरकारी दवाखान्यातल्या नर्स घालतात तसल्या पांढऱ्या चपला. मी खाकरलो. पाय हलले नाहीत. आतून आवाज आला, "भंगारवाला असशील तर जा. खोली बगायला आला असशील तर ही बरणी उघड." पाठोपाठ एक हात बाहेर आला, हातात लोणच्याची बरणी, झाकण गच्च बसलेलं. मी सांगलीकडचा, पंचायत समितीत नुकताच कारकून म्हणून लागलेला. नोकरीच्या वेळी मला बरंच काही विचारलं होतं, पण बरणी कुणी दिली नव्हती. तिसऱ्या हिसक्याला झाकण निघालं.

"पकड कमी हाय," आतून निकाल आला. "पण चालंल. वरची खोली तुजी."

गाडीच्या कामात धरायला-ओढायला त्यांना एक माणूस हवा होता आणि त्यासाठी त्यांनी भाडेकरू ठेवायचं ठरवलं होतं, हे मला पुढच्या रविवारी कळलं. तोवर सामान वर चढवून झालं होतं.

सगळं मुरबाड त्यांना सिस्टर म्हणायचं, मीही तेच म्हणतो. त्यांची सगळी नोकरी डोळखांबच्या बाजूला पाड्यापाड्यांवर नर्स म्हणून गेली. यजमान शिक्षक होते. त्यांनी हौसेने ही गाडी घेतली आणि आयुष्यभर पुसली. चालवायची त्यांना भीती वाटायची. ते गेले आणि महिन्याभरात सिस्टर गाडी शिकल्या, साठी उलटल्यावर, आणि पहिल्याच दिवशी कुणाच्या तरी वाढदिवसाचा फलक आडवा करून आल्या. फलक चुकीच्या जागी होता, हे त्यांचं मत अजून कायम आहे.

निवृत्त झाल्या तरी दर गुरुवारी त्या डोळखांबकडे जायच्याच. त्यांच्या हातून जन्मलेल्या पोरी आता स्वतः बाळंतीण व्हायला लागल्या होत्या. त्यांना बघून यायचं, दटावून यायचं, येताना कुणी दिलेली नाचणी नाहीतर करटुली घेऊन यायची. मुलगा वाशिंदला राहायचा, तिथल्याच कारखान्यात सुपरवायझर होता. तो कळवळून सांगायचा, "आई, आता आशाताई आहेत, ॲम्ब्युलन्स आहे. तू कशाला टेन्शन घेते?"

"त्या त्यांचं काम करतात. मी गप्पा मारायला जाते."

पण गप्पा मारता मारता त्या समोरच्याची खालची पापणी ओढून अंगात रक्त किती आहे ते बघायच्या. माझीही ओढायच्या, जिन्यात, मी ऑफिसला उशीर होतो म्हणून धावत असताना. एकदा आमचे गटविकास अधिकारी त्यांच्याकडे कसल्याशा चौकशीला आले होते, त्यांचीही ओढली. साहेबांना पालेभाजी खायला सांगून परत पाठवलं आणि चौकशीचं काम तसंच राहिलं.

तर त्या गाडीचं इंजिन ठणठणीत होतं. दुखणं होतं रबराचं. गाडीच्या काचांच्या कडेने, दारांच्या कडेने जे काळं रबर असतं ते वाळून तडकलं होतं, आक्रसलं होतं, आणि जिथे आक्रसलं तिथून पाणी आत यायचं. मी राहायला आलो त्याच पावसाळ्यात मागच्या सीटखाली भात उगवलं. खरंच उगवलं. त्यांनी कुणासाठी तरी बियाण्याची गोण नेली होती, दाणे सांडले, खालचं जाजम आठवडाभर ओलं होतं, आणि एका सकाळी सीटच्या पायथ्याशी बोटबोट उंचीच्या भाताच्या रोपांचं हिरवंगार आवण. दुसऱ्या कुणीही कपाळावर हात मारून घेतला असता. सिस्टरनी ते अलगद उपटलं आणि धुण्याच्या दगडाशी जिथे पाणी साचतं तिथे लावलं. दिवाळीच्या सुमाराला त्याची वाटीभर पेज मला प्यायला लावली. पेजेला रबराचा वास येत होता. तो माझा भ्रम आहे असं त्या म्हणाल्या.

मुलाने मात्र धुण्याच्या दगडाशी ते आवण पाहिलं आणि ते कुठून आलं हे कळल्यावर गाडीतलं जाजम उचललं. खालचा पत्रा गंजून हाताएवढं भोक पडलं होतं.

"आई, खालून रस्ता दिसतोय."

"मंग? गाडी चालवताना रस्ता दिसायलाच पायजे."

तो हसला नाही. तो घाबरला होता, आणि मी त्याच्या जागी असतो तर मीही घाबरलो असतो. गाडी भंगारात द्यायची, त्याच महिन्यात, असं तो म्हणाला. सिस्टर कमरेवर हात ठेवून उभ्या राहिल्या. गाडी सडली ती पाण्यामुळे, पाणी बंद झालं की गाडी बरी, असं त्यांचं निदान होतं. पत्रा तर वेल्डिंगवाला दुपारभरात लावून देतो. मग त्या जे बोलल्या ते त्यांना कुणी बोलायला सांगितलं नव्हतं.

"पुढच्या पावसात माज्या गाडीत एक थेंब आला तर गाडी तू ने. नाय आला तर परत हा विषय काडायचा नाय."

"एक थेंब?"

"एक."

मुलाने माझ्याकडे बोट केलं. "साहेब, तुम्ही साक्षीदार." मला घरात सगळे साहेब म्हणायचे, कारण मी कारकून होतो. मी मान डोलावली. एका थेंबावर त्यांचे गुरुवार टांगले गेले आहेत, हे तेव्हाही मला कळत होतं. गाडी नसली की त्यांना डोळखांबच्या आतल्या पाड्यांवर नेणारं दुसरं काही नव्हतं, आणि कुणाला 'मला नेशील का' म्हणणं तर त्यांच्या जिभेवरच नव्हतं.

उपचार सुरू झाले. रबर म्हटल्यावर मऊ करायला तेल हवं, आणि तेल म्हटल्यावर डोळखांबच्या एका म्हातारीने दिलेलं मोहाच्या बियांचं तेल घरात होतं. भेगाळलेल्या टाचांना ते उत्तम, मग रबराला का नाही? चारही दारांना त्यांनी ते आठवडाभर चोळलं. रबर खरोखर मऊ झालं, चकाकलं, आणि गाडीला एखाद्या पंगतीत तळण चालू असावं तसा वास सुटला. नेमकी भातकापणी चालली होती. शेतं रिकामी झाल्यावर उंदीर गावाकडे वळतात, त्या वर्षी ते आमच्या अंगणाकडे वळले. तिसऱ्या दिवशी सकाळी ड्रायव्हरच्या दाराचं रबर मुळातून गायब होतं, आणि बाकीच्या तीन दारांना दातांची नक्षी होती. मी जिन्यावर बसून हसलो. सिस्टर म्हणाल्या, "हस. रबर खाऊन एक तरी उंदीर मेला का बग. नाय ना? म्हणजे तेल चांगलं हाय."

नवीन रबर आणायला त्या जुन्याचा वीतभर तुकडा रुमालात गुंडाळून शहापूरला गेल्या, मला घेऊन. ब्लाउजपीस जुळवायला जावं तशा त्या दुकानादुकानातून तुकडा काढून दाखवत होत्या. एका दुकानदाराने तुकडा हातातही घेतला नाही. "बाई, ही गाडी बनायची कधीच बंद झाली."

"तुज्यासारखी माणसं पण बनायची बंद झाली," सिस्टर म्हणाल्या. "उद्या तुजा गुडघा गेला तर मी काय सांगू, मॉडेल जुनं हाय?"

दुकानदाराने निमूटपणे आतल्या खोलीतून काळ्या रबराचं एक मोठं वेटोळं आणलं. ते थोडं जाड होतं, पण बसण्यासारखं होतं. पुढच्या रविवारपासून दोरीवर माझ्या शर्टांशेजारी गाडीची रबरं लोंबायला लागली. साबणाने धुतलेली, ग्लिसरीन लावलेली, वर पावडर मारलेली. उंदरांनंतर त्यांना ग्लिसरीन सुचलं होतं, आणि त्यांच्याकडे ते बाटल्याबाटल्यांनी होतं. माझ्या पांढऱ्या शर्टांवर काळे पट्टे पडले. ऑफिसात विचारलं तर मी तो नवा कापडप्रकार आहे म्हणून सांगायचो.

हे काम करताना त्या पुन्हा नोकरीवर रुजू झाल्यासारख्या दिसायच्या. फाटलेल्या रबराला त्या टाके घालायच्या, वाकड्या सुईने, चिमट्यात धरून, दवाखान्यातल्या गाठी मारून. भेगांत पंक्चरवाल्याचं सोल्यूशन भरायचं ते इंजेक्शनच्या सिरिंजने. सुई टोचण्याआधी "थोडं दुखंल" असं गाडीला सांगायच्या. दार बसवून झालं की रबरावर पीठ लावायचं, दार बंद करायचं, उघडायचं आणि चौकटीवर पिठाचा ठसा कुठे उमटला नाही ते बघायचं. जिथे ठसा नाही तिथे फट. प्रत्येक फटीची नोंद एका वहीत, तारीख घालून. मी एकदा कंटाळून म्हटलं, लिहून टाका ना की ठसा पूर्ण आला. त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की मी खाली मान घालून पिठाचा डबा आणायला गेलो.

कारण सिस्टरना खोटं बोलता यायचं नाही. हा गुण म्हणून सांगत नाही, तो एक उपद्रव होता. मला मुलगी सांगून आली तेव्हा तिच्या वडिलांनी रीतीप्रमाणे घरमालकिणीकडे चौकशी केली. सिस्टर म्हणाल्या, "पोरगा सभ्य हाय. रात्री घोरतो. रक्त कमी हाय. कामाला हो म्हणतो आणि मनात शिव्या देतो, पण करतो." लग्न जमलं हे माझं नशीब. पण ती चारही वाक्यं माझ्या बायकोला पाठ आहेत आणि ती वेळ बघून त्यातलं एकेक काढते.

मे महिन्यात शेवटचं काम राहिलं, मागची मोठी काच. ती बसवायची रीत मी सांगतो, कारण पुढचं सगळं त्यावर आहे. काच काढून तिला चहूबाजूंनी रबर चढवायचं. रबराच्या खाचेत एक नायलॉनची दोरी फिरवायची, तिची टोकं आतल्या बाजूला सोडायची. रबराला साबणाचं पाणी लावायचं. मग एकाने बाहेरून काच चौकटीवर दाबून धरायची आणि दुसऱ्याने आत बसून दोरी हळूहळू ओढायची. दोरी निघत जाते तशी रबराची ओठासारखी कड पत्र्यावरून आत येते आणि चपखल बसते. बाहेरून सिस्टर, आतून मी. भर दुपार, गाडीत मी घामाने निथळत होतो, आणि काचेपलीकडे सिस्टरचा चेहरा, तळहात काचेला टेकलेले, "हळू... हळू... ओड आता... थांब."

तीन कोपरे बसले. चौथ्यात दोरी अडली. तेवढ्यात घरात फोन वाजला. आतल्या पाड्यावरच्या एका पोरसवदा बाईचे दिवस भरत आले होते, म्हणून सिस्टर फोन सोडत नव्हत्या. "तसाच थांब, हात लावू नको," म्हणून त्या गेल्या. मी थांबलो असतो तर हे व्यक्तिचित्र इथेच संपलं असतं. पण मला उकडत होतं, पाठीला रग लागली होती, आणि इतके महिने हे सगळं मी मनात शिव्या देत केलं होतं. मी स्क्रूड्रायव्हर घेतला, कड उचकटायला गेलो आणि रबर टर्रकन फाटलं. बोटाच्या पेराएवढं. मी घाईघाईने सिरिंजमधलं सोल्यूशन तिथे भरलं, अंगठ्याने दाबलं, बोट फिरवून वरून सारखं केलं. दिसेनासं झालं.

सिस्टर आल्या. "बसला कोपरा?"

"बसला."

त्यांनी वहीत लिहिलं: मागची काच, चारही कोपरे, पूर्ण. बोअरला पाणी कमी होतं, म्हणून झारीभर पाण्याने तपासणी केली आणि तेच पाणी खाली घमेल्यात धरून वांग्यांना घातलं. एक थेंब आत आला नाही. मी सुटलो असं मला वाटलं, आणि मग जवळजवळ विसरलोही. तसं म्हणणं सोयीचं आहे. खरं तर आभाळ भरून आलं की मी मागच्या काचेचा तो कोपरा बघून यायचो.

जुलैतल्या एका रविवारी मुलगा आला. मुरबाडहून सरळगाव, किन्हवली करत शहापूरपर्यंत भर पावसात जायचं, असं ठरलं. सिस्टरनी स्वतःच परीक्षा कडक केली होती. पुढच्या काचेखाली, मागच्या काचेखाली, दारांच्या कडेला जुन्या काळ्या कापडाच्या पट्ट्या अंथरून त्यांवर तांदळाचं पीठ चाळलेलं. थेंब पडला की पीठ भिजणार आणि खालचं काळं दिसणार. त्या गाडी चालवत होत्या, मुलगा शेजारी, मागे मी आणि माझा कोपरा.

सरळगाव सुटल्यावर पावसाने झोडपायला सुरुवात केली. मुलगा मान फिरवून फिरवून सगळीकडे बघत होता. "आई, खरंच कोरडं आहे गो," तो म्हणाला, आणि त्याच्या आवाजात हरल्याचं दुःख नव्हतं. किन्हवलीच्या अलीकडे एका खड्ड्यात गाडी आदळली आणि माझ्या मानेवर गार काहीतरी आलं. मी वर पाहिलं. चौथ्या कोपऱ्यात, मी अंगठ्याने दाबलं होतं तिथेच, एक थेंब फुगत होता. तो पडायच्या आत मी सरकलो आणि खांदा त्या कोपऱ्याला लावून बसलो. दुसरा थेंब शर्टात गेला. तिसरा, चौथा. तिथून शहापूरपर्यंत मी तसाच वाकडा बसून होतो, चेहरा शक्य तितका निवांत ठेवून. पाणी खांद्यावरून बरगडीपर्यंत उतरलं. पिठावर एक डाग नव्हता.

शहापूरला चहाच्या टपरीच्या छपराखाली गाडी उभी केली. मुलाने एकेक पट्टी वाकून तपासली. मग किल्ली काढून आईच्या हातात ठेवली. "मानलं. परत विषय काढणार नाही." तो मनापासून हसत होता. सिस्टरनी किल्ली घेतली आणि माझ्याकडे पाहिलं.

"साहेब, तुजा शर्ट एका बाजूनं का भिजला?"

"घाम."

"हां, घामच असेल," मुलगा पटकन म्हणाला. "किती दमट आहे बघ ना." त्याने माझा खांदा पाहिला होता, आणि कोपराही. त्यालाही ती गाडी न्यायची नव्हती, हे मला त्या क्षणी कळलं. तिथे उभ्या असलेल्या आम्हा दोघांनाही ते खोटं हवं होतं. फक्त सिस्टरनी हो म्हणायचं होतं.

सिस्टर जवळ आल्या. माझ्या खांद्यावर बोट टेकवलं आणि ते जिभेला लावलं.

"घाम खारट असतो," त्या म्हणाल्या. "हे पावसाचं पानी हाय." आणि किल्ली मुलाच्या हातात परत दिली.

मग मात्र मी सगळं सांगितलं, स्क्रूड्रायव्हर, फाटलेलं रबर, सोल्यूशन, सगळं. मुलगा म्हणत होता, आई, यात तुझी काय चूक, एक कोपरा आहे, शिवून टाक. सिस्टर त्याला म्हणाल्या, "अट थेंबाची व्हती. कुणाच्या चुकीची नव्हती." माझ्यावर त्या ओरडल्या नाहीत. चहाचा ग्लास दोन्ही हातांत धरून त्या एवढंच म्हणाल्या, "मे म्हयन्यात बोलला असतास तर दोन टाक्यांचं काम व्हतं रे."

पुढच्या रविवारी मुलाने गाडी नेली. नेताना तोच रडवेला होता. सिस्टरनी त्याला दार हळू लावायला सांगितलं आणि त्या आत गेल्या. आता त्या गुरुवारी जीपवाल्यांच्या मेहरबानीने डोळखांबपर्यंत जातात, आतल्या पाड्यांवर जाणं बंद झालंय. जीपवाल्यांना काचेची रबरं बदलायला सांगतात आणि त्यांच्या पापण्या ओढतात. माझी बदली आता शहापूरला झाली आहे. त्यांच्याकडे गेलो की त्या पूर्वीसारख्याच बोलतात, आणि पूर्वीसारख्याच बोलतात याचंच मला जास्त लागतं.

पण त्या परीक्षेच्या रविवारचं परत येणं सांगायचं राहून जातंय. गाडी घरी पोचवायला किल्ली आईकडे देऊन मुलगा शहापूरहून रिक्षाने वाशिंदला गेला. सिस्टरनी गाडी वळवली. शेजारी बसायचं धाडस नव्हतं म्हणून मी मागेच बसलो. पाऊस तसाच कोसळत होता. किन्हवली मागे पडली. मग त्यांनी आरशातून मागे पाहिलं. मी अजूनही त्या कोपऱ्याला खांदा लावून वाकडा बसलो होतो. माझ्या ते लक्षातही आलं नव्हतं.

"आता कशाला टेकतोस तिकडं?" त्या म्हणाल्या. "नीट बस. गळू दे."

मी नीट बसलो. पहिला थेंब पिठावर पडला, मग दुसरा, आणि पांढऱ्या पट्टीवर काळा ठिपका पसरत गेला. सिस्टरनी पुढे बघत गाडी चालवणं चालू ठेवलं. खड्डे मात्र त्या सगळे चुकवत होत्या.